तागाची फळी आणि अवयवीचा वाद

तंतूंपासून पट निर्माण झाला म्हणजे तो तंतूंहून निराळा असा नवा पदार्थ, म्हणजे अवयवी, मानावा, की तंतूंच्या विशिष्ट रचनेलाच आपण व्यवहारापुरते पट म्हणतो, हा नैयायिक आणि बौद्ध यांच्यातला शतकानुशतके चाललेला दावा अद्याप निकाली निघालेला नाही; आणि गंमत अशी की, तागाचे तंतू पॉलिएस्टर राळेत बसवून फळ्या करणाऱ्या अभियंत्यांच्या दफ्तरी तोच खटला निराळ्या नावाने दाखल आहे. राळ एकटी ठिसूळ, तंतू ताण सोसणारा पण दाबाखाली वाकणारा. राळेवरचा भार तंतूपर्यंत पोचतो तो दोहोंमधल्या सीमापृष्ठाच्या द्वारे. तागातील सेल्युलोज पाणी ओढणारे, राळ पाण्याला विन्मुख. म्हणून दोहोंची पकड नीट बसावी यासाठी तंतू आधी कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात भिजवून त्यावरील मेण वगैरे काढतात. हा संस्कार न झालेला नमुना तोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तंतू सबंध निसटून गेल्याची गुळगुळीत भोके दिसतात. संयोग, म्हणजे सुटू शकणारा जोड, होता; समवाय, म्हणजे अवयव-अवयवींमधला नित्य, अतूट संबंध, नव्हता, असे म्हणण्याचा मोह होतो, जरी खऱ्या नैयायिकाला सोड्याने वाढणारा समवाय मुळीच रुचणार नाही! ताठरपणा घटकांच्या प्रमाणशीर बेरजेने बराचसा हिशेबात बसतो, तेव्हा बौद्धाचे पारडे जड होते. चिवटपणाचे तसे नाही; फूट पसरताना तंतू उपसून काढण्यात जी ऊर्जा घर्षणात खर्ची पडते, ती ना एकट्या राळेच्या खाती जमा होती, ना एकट्या तागाच्या, आणि एवढ्या एका कलमापुरता तरी अवयवी मला मान्य करावासा वाटतो.