ठरलेले दिवस

२०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला आली आणि तिबेटी नववर्षाचा लोसार २८ला. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात, त्यामुळे हे सण पुष्कळदा एकमेकांना खेटून येतात. अधिक महिन्याचा हिशेब जुळला नाही, तर महिनाभर लांबही पडतात. बाकी महाराष्ट्राला याची दखल घ्यायचं कारण नाही. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडाच्या परिसराला मात्र आहे. गडावर महादेव आहे, तिथंच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा आहे, आणि शिवरात्रीच्या यात्रेत दोन्हीकडे रीघ लागते. जवळच, गोठणगावच्या बाजूला, नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ची.

मनाच्या आरोग्यावरच्या लेखात यात्रेचं काय काम, असं कुणी विचारेल. ताणाच्या काळात मन कसं सांभाळावं याचा सल्ला हल्ली जागोजागी मिळतो. दीर्घ श्वास घ्या, फोन बाजूला ठेवा, सकारात्मक राहा. सल्ल्यात खोट नाही. पण तो एकट्या माणसाला दिलेला असतो आणि ताण चार-सहा महिन्यांत सरणार असं गृहीत धरून दिलेला असतो. जिथं अनिश्चितता दोन-तीन पिढ्या मुक्कामाला आहे, तिथली माणसं काय करतात? ते पाहायला प्रतापगडाकडे यावं.

१९५९च्या मार्चमध्ये दलाई लामा ल्हासाहून निघाले आणि महिनाअखेर भारतात पोहोचले. त्यांच्यामागून हजारो लोक आले. साडेतीन हजार मीटरहून उंच पठारावरची ही माणसं. त्यांतल्या काहींच्या वाट्याला शेवटी पूर्व विदर्भातला धानपट्टा आणि मे महिन्यातलं इथलं ऊन आलं. १९९९मध्ये भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, तरी तिबेटी लोकांच्या बोलण्यात ही वसाहत अजून ‘भंडारा’च आहे. कागदपत्रांचं घोडं तर कायमच अडलेलं. नोंदणी प्रमाणपत्राचं नूतनीकरण मुदतीत करायचं; परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी वेगळं ओळखपत्र काढायचं. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली तिबेटी व्यक्ती जन्मानंच भारतीय नागरिक ठरते, हे दिल्ली उच्च न्यायालयानं २०१०मध्ये स्पष्ट केलं. तरीही अनेकांनी तो हक्क बजावला नाही. नागरिकत्व घेतलं की परत जाण्यावरचा दावा सुटला, अशी भावना त्यामागे आहे. त्यात जुलै २०२५मध्ये दलाई लामांनी नव्वदी गाठली. ही परंपरा आपल्यानंतरही चालू राहील असं त्यांनी त्याच आठवड्यात जाहीर केलं, पण पुढचा दलाई लामा कोण ठरवणार यावर चीन हक्क सांगतोच आहे.

न कळण्याचा त्रास वाईट बातमीपेक्षाही जड असतो, हे आता प्रयोगानं दाखवलेलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पंचेचाळीस जणांना संगणकावर दगड दाखवायचे, कुठल्या दगडाखाली साप आहे ते ओळखायला सांगायचं, आणि साप निघाला की हाताला विजेचा छोटा झटका. झटका नक्की बसणार हे कळलं तेव्हा माणसं तुलनेनं शांत होती. बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी झाली, तेव्हा घाम आणि ताण सगळ्यात जास्त. गोंदियाच्या धानवाल्याला हे सांगायला लंडनहून कुणी यायची गरज नाही, ही गोष्ट वेगळी.

धानवाल्याचं वर्ष पाहा. पऱ्हे टाकले, रोवणी झाली, तुडतुड्यातून पीक वाचलं. दिवाळीच्या सुमाराला हलका धान कापून कडपा बांधीत पसरलेल्या असतात आणि नेमकं आभाळ भरून येतं. पाऊस पडून गेल्यावर शेतकरी कडपा उलटून पाहतो. लोंबीतला एखादा दाणा नखानं सोलून कोंब फुटला का बघतो, हात झटकतो, पुढची कडप उचलतो. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलत नाही. २०२२मध्ये तर ओडिशा-छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत आलेला रानहत्तींचा कळप या तालुक्यात उतरला आणि राखणीची तऱ्हाच बदलली. धान विकल्यावरही चुकारे कधी जमा होतील याची वाट पाहायचीच. बहुतेक बायाबापड्यांच्या तोंडी ‘नैराश्य’ हा शब्द येत नाही. ‘जीव घाबरते’, ‘रातभर डोळा नाही लागत’ एवढंच सांगून त्या दवाखान्यातून गोळ्या घेऊन परततात.

आणि याच दिवसांत मंडया सुरू होतात. झाडीपट्टीबाहेरच्या, म्हणजे या धानपट्ट्याबाहेरच्या वाचकाला मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवेल. इथं ती भाऊबीजेपासून पुढं गावोगाव भरणारी जत्रा. गोवारी बांधवांच्या ढाली निघतात, पाहुणे येतात, रात्री नाटक. वडसा देसाईगंज हे या नाटक कंपन्यांचं ठाणं. परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाल्यावर राज्याला झाडीपट्टी रंगभूमीची थोडी ओळख पटली. पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकात हुंड्याचा, कर्जाचा, भावकीचा प्रसंग येतो आणि शेकडो माणसं शेजारी बसून उघड रडतात, पाचव्या मिनिटाला विनोदी नटावर हसतात. शहरी समीक्षकाला हे भडक वाटतं. असेलही. पण वर्षातून एकदा चारचौघांत रडायची मुभा असणं ही बारीक गोष्ट नाही, विशेषतः पुरुषांसाठी.

मला महत्त्वाचं वाटतं ते मंडईचं ठरलेलं असणं. पीक आलं नाही तरी आमच्या गावची मंडई अमुक दिवशी, आणि त्या दिवशी बहीण येणार, मामा येणार. आला नाही तर विचारपूस होणार. तिबेटी वसाहतीचंही तेच. ऑक्टोबर लागला की घरातली कर्ती माणसं लुधियानाहून उधारीवर स्वेटर उचलतात आणि शहरोशहरी दुकानं मांडतात. थंडी पडली तर धंदा, नाही तर गाठोडी तशीच पडून. २०२०च्या हिवाळ्यात करोनामुळे अनेक शहरांत ती दुकानं लागलीच नाहीत. फेब्रुवारीत मात्र नफा असो की कर्ज, लोसारला घरी. तिबेटी वैद्यकात चिंतेनं आणि जागरणानं ‘लुंग’ म्हणजे वायू बिघडतो असं मानतात, आयुर्वेदातल्या वाताच्या जवळची ही कल्पना. त्यावरच्या उपायांत गरम, स्निग्ध आहार आहे, विश्रांती आहे आणि आवडत्या माणसांची सोबतही आहे. सोबत औषधांच्या यादीत आहे! आपल्याकडे ती ‘वेळ मिळाला तर’ या सदरात गेली आहे.

हे लिहिताना एक भीती वाटते. ‘पाहा, गरीब असूनही किती आनंदी’ असं म्हणून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. तिबेटी लोकांचं हास्य आणि झाडीपट्टीचा उत्साह यांचं कौतुक करून झालं की कागदपत्रांचा आणि चुकाऱ्यांचा प्रश्न बाजूला टाकता येतो. मंडईनं धानाचे पैसे वेळेवर येत नाहीत. लोसारनं कुणाच्या नागरिकत्वाचा तिढा सुटत नाही. आणि मन खरंच आजारी पडलं असेल, तेव्हा यात्रा पुरत नाही, उपचारच लागतात.

ते उपचार गावात पोहोचू शकतात, हेही विदर्भातच दिसलं. गोव्यात १९९६मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेच्या पुढाकारानं अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवलं, गरज असेल त्याला समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञापर्यंत नेलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचं २०१७मध्ये प्रसिद्ध झालं. औषधं नवीन नव्हती. दारात येऊन विचारणारं ओळखीचं माणूस नवीन होतं. २०२२पासून ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे. तो मंडईच्या मंडपात आणि गडाच्या पायथ्याशी ठळक लिहायला काय हरकत आहे? शिवरात्रीला तिथं जेवढी माणसं येतात, तेवढी कुठल्या शिबिराला येणार नाहीत.

या ठरलेल्या दिवसांपुढची खरी अडचण दुसरीकडूनच येते आहे. तिबेटी वसाहतींतली तरुण मुलं युरोप-अमेरिकेत चालली आहेत. लोसार येतो, पण घरी म्हातारी माणसं आणि व्हिडिओ कॉल. झाडीपट्टीतली पोरं पुण्या-हैदराबादच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर. त्यांतला कुणी नोव्हेंबरात दोन दिवसांची रजा मागतो, कारण मंडई. सुपरवायझर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहतो, त्याला तिथं काही लाल दिसत नाही, आणि तो विचारतो, भाजी आणायला गावी कशाला जायला हवं?