धर्मगुरूची हमी कोणी द्यावी?

एखाद्या मनुष्यास ईश्वरसेवेची हाक आली आहे किंवा नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? त्याच्या स्वतःच्या अंतःकरणाचा, त्याच्या समाजाचा, की राजसत्तेचा? प्रश्न पुरातन आहे. परंतु अमेरिकेच्या सैन्यात धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या स्वतंत्र ख्रिस्ती मंडळीच्या पाद्र्यापुढे तो आजही अगदी व्यवहाराच्या रूपाने उभा राहतो. आमची देवस्थाने आपापल्या महाजनांच्या कारभाराखाली एकमेकांपासून स्वतंत्र नांदतात. तेव्हा या प्रश्नाचा विचार आम्हांसही परका वाटू नये.

कॅथलिक धर्मगुरूवर बिशप असतो व बिशपवर पोप. स्वतंत्र मंडळीवर असा वरिष्ठ कोणीच नसतो. सभासद एकत्र जमतात, पाद्री निवडतात, त्यास दीक्षा देतात आणि प्रसंगी दूरही करतात. ईश्वर व मंडळी यांच्यामध्ये तिसऱ्याचा अधिकार नको, ही त्यांची श्रद्धा होय. तिच्यासाठी त्यांच्या पूर्वसूरींनी सोसलेही पुष्कळ. इंग्लंडात जॉन बन्यन यांस परवान्यावाचून उपदेश केल्याबद्दल १६६० साली अटक झाली आणि जवळजवळ बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात काढावी लागली. उपदेश थांबविण्याचे वचन दिले असते तर सुटका होती. ते त्यांनी दिले नाही.

आता सैन्याची रीत पाहा. अमेरिकेत सेनेतील धर्मगुरूंची परंपरा २९ जुलै १७७५ पासूनची, म्हणजे त्या राष्ट्राच्या स्वातंत्र्यघोषणेपेक्षाही जुनी आहे. तेथे उमेदवाराने पदवी व त्यापुढील धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेले असावे लागते. शिवाय मान्य धर्मसंस्थेने त्याच्याविषयी लेखी हमी द्यावी लागते. संस्थेने हमी काढून घेतली, तर त्यास त्या पदावर राहता येत नाही. कॅथलिक किंवा मेथडिस्ट धर्मगुरूस ही अट जड जात नाही. पण ज्याच्यावर कोणी वरिष्ठच नाही, त्याने हमी आणावी कोठून? अशा मंडळ्यांनी अखेर आपसांत मिळून हमी देणाऱ्या सामाईक संस्था उभारल्या. १९८४ साली निघालेली ‘चॅपलन्सी ऑफ फुल गॉस्पेल चर्चेस’ ही त्यांपैकीच एक.

येथे आक्षेप निघतो तो असा : ज्या परवान्यासाठी बन्यन तुरुंगात गेले, तोच परवाना त्यांच्या वारसांनी हात पसरून मागावा काय? आक्षेप पोकळ नाही. तथापि आम्हांस वाटते की, येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते.

गावातील पाद्र्याचा उपदेश रुचला नाही तर श्रोता दुसरीकडे जातो. त्याच्या पायांत बेडी नसते. युद्धनौकेवरील शिपायाची गोष्ट तशी नाही. समुद्राच्या मध्यावर जो धर्मगुरू त्यास लाभला, त्याच्याजवळच त्याने मरणाची भीती व घरचे दुःख सांगावयाचे. ज्यांना निवड करता येत नाही, त्यांची सेवा करणाऱ्याने कोणापुढे तरी उत्तरदायी असलेच पाहिजे. हमी ही ईश्वराच्या हाकेवर मारलेली मोहोर नव्हे; ती त्या असहाय शिपायास दिलेले वचन आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही हमी सरकार देत नाही, धर्मसमाज देतो. बन्यन यांचा झगडा होता तो राजसत्तेच्या परवान्याशी. धर्मसमाजाची हमीच नसती, तर खरा धर्मगुरू कोण हे सेनापतीने ठरविले असते. आणि सेनापतीस सोयीचा तो धर्मगुरू, असे होण्यास वेळ लागला नसता. राज्याच्या वेतनावरील धर्मगुरूंविषयी खुद्द जेम्स मॅडिसन यांस शंका होती. ती आजही पुरती फिटलेली नाही, हे आम्ही मान्य करतो. पण बंधूंची हमी हा त्या भयावरील एक उतारा खचित आहे.

हमी मिळाली तरी कसोटी पुढेच असते. आपल्या पंथाचे विधी करावयाचे, इतरांच्या विधींची सोय लावावयाची, आणि काळजी मात्र सर्वांची वाहावयाची. हाती शस्त्र धरावयाचे नाही. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी ‘डॉर्चेस्टर’ हे सैनिकवाहू जहाज उत्तर अटलांटिकात बुडाले. त्यावर एक मेथडिस्ट, एक ज्यू, एक कॅथलिक व एक रिफॉर्म्ड चर्चचा, असे चार धर्मगुरू होते. चौघांनी आपापले तरंगपट्टे सैनिकांस दिले व ते जहाजाबरोबर गेले. पट्टा देताना समोरच्याचा पंथ कोणी विचारला नाही. त्यांच्या हमीपत्रांवर चार निरनिराळ्या संस्थांची नावे होती. पण अंतकाळी वचन पाळले ते एकच.

आमच्या वाचकांस येथे पार्थसारथीचे स्मरण होईल. शस्त्र न धरण्याचा पण करून तो रणात उतरला आणि ज्याचे मन खचले त्याच्याजवळ उभा राहिला. भेदही ध्यानी ठेवावा : त्याने युद्धास प्रवृत्त केले, तो अधिकार मानवी धर्मगुरूचा नव्हे. आमच्या भारतीय सेनेतही पंडित, ग्रंथी, मौलवी व पाद्री हे धर्मशिक्षक नेमले जातात आणि पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत त्यांस एकत्र शिक्षण मिळते. अमेरिकेच्या सैन्यात मात्र पहिल्या हिंदू धर्मगुरू २०११ साली झाल्या. मुंबईत वाढलेल्या कॅप्टन प्रतिमा धर्म त्यापूर्वी ख्रिस्ती संस्थेच्या हमीवर सेवा करीत होत्या. हिंदूंस पोप नाही, बिशप नाही. मग हिंदू धर्मगुरूची हमी कोणी द्यावी? चिन्मय मिशनच्या तेथील शाखेने ती दिली.

म्हणजे स्वतंत्र मंडळीचा प्रश्न तोच आमचाही. आपले देवस्थान कोणाच्या ताब्यात नाही, याचा आम्हांस अभिमान आहे आणि तो असावा. पण इस्पितळात, तुरुंगात, परदेशी छावणीत आमचा एखादा मुलगा वा मुलगी एकाकी पडली, तर तिच्या उशाशी बसण्यास योग्य मनुष्य कोणता, हे जबाबदारीने सांगणारा आमच्यात कोण आहे? स्वातंत्र्य म्हणजे कोणापुढेही उत्तर न देणे नव्हे. कोणापुढे उत्तर द्यावयाचे हे आपण होऊन ठरविणे, हेच स्वातंत्र्य. आमच्या महाजनांनी पुढील जत्रेपूर्वी एवढा एक विषय बैठकीत घ्यावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.