आसनाआधी जागा

भाविक वाचकहो, योगाने चित्त स्थिर होते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. घरदार सुटून परमुलुखात पडलेल्या तरुण मुलींनाही योग शिकवावा, असे अलीकडे पुष्कळ जण सांगू लागले आहेत. विचार चांगला आहे. पण जिचे घर डोळ्यांदेखत जळाले तिला 'मन शांत ठेव' म्हणणे हा धर्म, की आपली सुटका करून घेणे?

एक उदाहरण घेऊ. २०१७ च्या ऑगस्टपासून म्यानमारच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या, राखाइन प्रांतातून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या लोक जीव मुठीत धरून बांगलादेशात आले. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया व मुली. कॉक्स बाजारच्या कुतुपालाँग छावणीत बांबू आणि ताडपत्रीची खोपटी एकाला एक लागून आहेत. पोर वयात आली की आईबाप तिला बाहेर पाठवायला भितात. रात्री शौचाला जायचे म्हटले तरी छाती धडधडते.

अशा मुलीला योगाचा काय उपयोग? उपयोग आहे. संकट सरले तरी देहाला ते सरल्यासारखे वाटत नाही. कोठे जरा खुट्ट झाले की हातपाय गार पडतात, झोप उडते. श्वास सावकाश सोडला की काळजाचे ठोके मंदावतात, आणि आपला देह आपल्या हाती आहे एवढी तरी खात्री पटते. अमेरिकेत डॉ. बेसेल व्हॅन डर कोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या आघाताने पीडलेल्या ६४ स्त्रियांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. १० आठवडे योग करणाऱ्यांपैकी निम्म्या स्त्रिया त्या आजाराच्या व्याख्येत बसेनाशा झाल्या. ज्यांना नुसती आरोग्याची माहिती दिली, त्यांत असा गुण पाचव्या हिश्शाला आला. त्या स्त्रिया निर्वासित नव्हत्या, हे ध्यानात ठेवावे. पण भ्यालेल्या देहाची गत कोठेही बरीचशी तीच.

मात्र शिकवण्याची रीत हवी. शिकवणारी बाईच असावी. अंगाला हात लावून आसन नीट करू नये. डोळे मिटण्याची सक्ती नको. मिटल्यावर कित्येकींना तेच पुन्हा दिसू लागते. नको वाटेल ते सोडून देण्याची मोकळीक हवी. जिच्यावर बळजोरी झाली तिला योगाचीही बळजोरी करू नये.

आपल्यातले कोणी म्हणतील, संतांनी नामाची सोपी वाट दाखवली असता हा खटाटोप कशाला? आम्ही म्हणतो, त्या मुलीचे नाम तिच्यापाशी आहे. तिचा अल्ला तिच्या ओठी आहे, तो कोणी काढून घेऊ नये. श्वासाला जात नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले आणि 'योगसंग्राम' लिहून गेले. आपण त्यांना संत म्हणतो. मग श्वास शिकवताना धर्माची अट कशी घालावी?

आता मुख्य गोष्ट. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत आसनाआधी जागेचे बोलतात. ती शुद्ध हवी, बैठक स्थिर हवी. माऊलींनी तर त्या जागेचे वर्णन किती प्रेमाने आणि विस्ताराने केले आहे! उपाशी राहणाऱ्याला आणि झोपेवाचून राहणाऱ्याला योग साधत नाही, हेही भगवंतांनी तेथेच सांगितले. ही साधकाला दिलेली शिकवण आहे खरी. पण जिला स्वतःची बसायची जागाच नाही, तिच्या बाबतीत ती आपल्यावर येऊन पडते. पोटभर अन्न, दाराला कडी, वाटेवर दिवा, शाळा, आणि एक दिवस निर्भयपणे आपल्या गावी परतण्याचा हक्क हे तिला मिळाले पाहिजे. हे न देता नुसता प्राणायाम शिकवला, तर तिला सोसायलाच शिकवले असे होईल. आणि अन्यायाबद्दल तिला राग आला, तर तो चित्ताचा मळ समजू नये. तिने स्थिर व्हावे ते गप्प बसण्यासाठी नव्हे. आपले गाऱ्हाणे नीट मांडता यावे म्हणून.

तेव्हा निर्वासितांच्या मदतीसाठी कोणी आपल्या दारी आले, तर योगवर्गालाही द्यावे आणि कडी-दिव्यालाही द्यावे. दोन्हींपुरते नसेल, तर आधी कडी-दिव्याला द्यावे.

रामकृष्णहरि.