दिलेले परत घेणे

दान अपायकारक केव्हा ठरते, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे तो घेणाऱ्याच्या पात्रतेवर आणून सोडतात. दान सत्पात्री पडले की देणारा मोकळा. पण एकाच अंगणात चाळीस घेणारे दाटीने उभे असले आणि देणाऱ्याने सर्वांवर सारखीच ओंजळ उधळली, तर काय होते? या प्रश्नाचे एक चिकाटीने मिळवलेले उत्तर इंग्लंडमधील एका गवताच्या शेतात सापडते.

लंडनच्या उत्तरेस रोथॅमस्टेड येथे जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी १८५६ साली एका जुन्या कुरणाचे पट्टे पाडले. लॉज स्वतः खताचे कारखानदार. सुपरफॉस्फेटचे पेटंट त्यांनी १८४२ मध्येच घेतले होते. कोणत्या खताने चारा किती वाढतो, एवढेच त्यांना पाहायचे होते. चारा वाढला, यात शंका नाही. पण थोड्याच वर्षांत प्रत्येक पट्टा निराळा दिसू लागला, जणू प्रत्येकात वेगळे बी पेरले होते. तो प्रयोग आजही चालू आहे. ज्या पट्ट्यांना कधीच काही मिळाले नाही, तेथे चाळीसच्या आसपास जाती नांदतात. ज्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट मिळाले आणि चुना मिळाला नाही, तेथील माती आंबट झाली आणि दोन-तीन जाती काय त्या उरल्या.

आंबटपणाचा भाग बाजूला ठेवला तरी खताचा एक परिणाम उरतोच. नत्र आणि स्फुरद भरपूर मिळाले की उंच, आडदांड गवते भराभर वर जातात आणि खालच्या बुटक्यांवर सावली धरतात. झुरिक विद्यापीठातील संशोधकांनी खत घातलेल्या गवतात, अगदी खालच्या थरात, दिवे लावून पाहिले. २००९ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: खालच्यांना उजेड मिळाला तेव्हा त्या जाती टिकल्या. खत सर्वांनाच मिळाले होते. हिरावला गेला तो उजेड. चाळीस मुलांच्या वर्गासमोर उभे राहणाऱ्याला हे वाचून थोडा वेळ गप्प बसावेसे वाटते.

येथे एक मोह आवरायला हवा. साताऱ्याजवळचे कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, त्यातही नत्राची वाण. इतकी की तेथील दवबिंदू ही वनस्पती किडे धरून ती उणीव भरून काढते. पावसाळा सरताना तेथे फुलांचे गालिचे पसरतात. हे पाहून दारिद्र्यातच गुण फुलतात, असे म्हणणारे निघतीलच, आणि ते बहुधा जेवून आलेले असतात. गवताच्या जाती हजारो वर्षांत हलक्या जमिनीला सरावल्या. उपाशी पोर उपासाला सरावत नाही. कुरणाकडून मी घेतो तो प्रश्न दुसराच आहे: देऊन चुकल्यावर देणाऱ्याचे काय देणे लागते?

हात आखडणे पुरत नाही. इंग्लंड-वेल्सच्या सखल भागातील जुन्या कुरणांपैकी सुमारे ९७ टक्के १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत नांगराखाली तरी गेली किंवा खताने पालटली. आता ती पुन्हा उभी करू पाहणाऱ्यांना प्रथम भेटते ते जुने स्फुरद. नत्र पाण्याबरोबर वाहून जाते, हवेत उडते. स्फुरद मातीच्या कणांना धरून दशकानुदशके बसते. म्हणून दरवर्षी गवत कापायचे आणि भारे शेताबाहेर न्यायचे, कारण तेथेच कुजू दिले तर घेतलेले पुन्हा मातीच्या पदरात. कोठे कोठे वरची काळी, कसदार माती सरळ खरवडून काढतात. ज्या मातीसाठी शेतकऱ्याच्या पिढ्या खपल्या ती अशी उचलून टाकताना पाहणे कोणाही कुणब्याला जड जाईल.

याच कामात एका चोराची मदत घेतात. सुकलेल्या फळात बी खुळखुळते म्हणून त्याला तेथे ‘पिवळा खुळखुळा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. आपल्याकडील खुळखुळ्याशी त्याचे नाते नाही. तो आपली मुळे गवताच्या मुळांना भिडवून रस शोषतो. चारा घटवणारा म्हणून ज्याचा राग यावा, त्याचेच बी आता मुद्दाम पेरतात, कारण त्याने गवताचा माज उतरतो आणि मधल्या फटींत फुलझाडांना जागा होते.

रोथॅमस्टेडच्या काही पट्ट्यांचे नत्र १९८९ मध्ये बंद केले. जाती हळूहळू परतू लागल्या. २०१५ मध्ये तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पण त्या पट्ट्यांना कधीच खत न मिळालेल्या पट्ट्यांचा शेजार होता. इतरत्र नुसती माती हलकी करून भागत नाही, कारण कुरणातील कितीतरी फुलझाडांचे बी जमिनीत फार वर्षे जिवंत राहत नाही. तेव्हा दूरच्या एखाद्या शाबूत कुरणातले गवत बी धरल्यावर कापतात, त्याच दिवशी गाडीत भरून आणतात आणि ओलसर असतानाच उघड्या मातीवर पसरतात.