अडवण्याचा अधिकार

बरं व्हायला म्हणून माणूस रुग्णालयात दाखल होतो आणि तिथलाच जंतू त्याला गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत दाखल झालेल्या शंभरातल्या सात जणांना, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना असा संसर्ग होतो. त्यांतल्या दर दहांपैकी एक दगावतो.

या मृत्यूची टोचणी कुणालाच लागत नाही. सकाळच्या राऊंडला मोठे डॉक्टर तीन नंबरच्या खाटेवरची जखम दाबून पाहतात आणि बोलता बोलता, हात न धुताच, चार नंबरच्या सलाईनची नळी नीट करतात. त्या रुग्णाला ताप भरतो तो दोन दिवसांनी. तोवर त्याला किती तरी हात लागून गेलेले असतात. दोष कुणाचा, हे शेवटपर्यंत कळत नाही. मग ज्याला अपराध कधी दिसणारच नाही, त्याच्या सदसद्विवेकावर सगळा भार टाकून कसं चालेल?

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २००१ मध्ये डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाच साध्या गोष्टींची यादी केली. हात धुणं त्यात पहिलं. आधी परिचारिकांनी नुसती नोंद ठेवली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांकडून एखादी तरी गोष्ट सुटत होती. खरा बदल त्यानंतरचा. डॉक्टर पायरी चुकले तर त्यांना तिथंच थांबवण्याचा अधिकार व्यवस्थापनानं परिचारिकांना दिला. वर्षभरात या नळ्यांमधून होणारा संसर्ग जवळपास थांबला.

त्या परिचारिका काही अधिक धीट नव्हत्या. त्यांना धीट व्हावं लागू नये, याची सोय वरिष्ठांनी केली होती, आणि मला ती फार मोलाची वाटते. आपल्याकडे रात्रपाळीत एकटीनं अख्खा वॉर्ड सांभाळणारी, कंत्राटावरची सिस्टर 'सर, हात?' एवढंही विचारू शकत नाही. नातेवाईक तर गप्पच राहतात. डॉक्टर रागावले तर आपल्या पेशंटकडे दुर्लक्ष होईल, ही धास्ती. बेसिनला पाणी नाही, खाटेजवळची सॅनिटायझरची बाटली रिकामी, आणि भिंतीवर मात्र हात धुण्याची पाटी, असा वॉर्ड असेल तर सिस्टरला बोल लावणं हा अन्यायच आहे.

विभागप्रमुखांनी राऊंडच्या सुरुवातीला, मावशींपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांच्या देखत सांगावं: 'मी विसरलो तर मला अडवा.' आणि कुणी खरंच अडवलं, तर कपाळाला आठी न घालता आधी हात धुवावेत.