मागे आलेल्याचे ऋण

कुत्रा पाळणे हा दानाचा विषय आहे की ऋणाचा? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पाने मांडण्यापूर्वी गोग्रास, काकबळी आणि श्वानबळी काढून ठेवण्याची चाल आपल्या घरांतून जुनी आहे; तेव्हा कुत्र्याच्या मुखी दोन घास घालणे हे पुण्यकर्म असून ते आपण करीतच आलो, असे समाधान मानून घेणे सोपे आहे. परंतु बळी ज्याला पोचतो तो कुत्रा कोणाचाच नसतो. त्याने आज यावे, उद्या न यावे; आपणही आज द्यावे, उद्या विसरावे. दारी राहण्याची सवय लावलेल्या कुत्र्याची गोष्ट निराळी. त्याने अन्यत्र अन्न शोधण्याचे सोडले ते आपल्या भरवशावर. तेथे दानाची भाषा अपुरी पडते.

पेडण्याच्या गावांत हा भेद चवथीच्या दिवसांत डोळ्यांना दिसतो. मुंबईस, पुण्यास, आखातात असलेली मंडळी मूळ घरी येतात. बंद घरांची कुलुपे निघतात, माटोळी बांधली जाते. वाड्यावरचे एखादे पिल्लू पायरीशी घुटमळू लागते. मुले त्याला नाव ठेवतात, दूध पाजतात, रात्री पोत्यावर निजवितात. मग विसर्जन होते, मंडळी परततात, आणि दाराला पुन्हा कुलूप पडते. पिल्लू पुढे कित्येक दिवस त्याच पायरीवर बसून असते. शेजारचे कोणी पेज घालते म्हणून जगते. त्याला कोणी मारले नाही, उपाशी ठेवण्याचा कोणाचा हेतूही नव्हता. तरी एका जिवाशी झालेला करार येथे मोडला, असे मला वाटते.

वकिलाने येथे 'करार' हा शब्द वापरावा याचे काहींना नवल वाटेल. संमती देण्यास जो असमर्थ, त्याच्याशी करार होत नाही, हा कायद्याचा प्राथमिक पाठ. पण कायद्यालाही या प्राण्याचे नेमके काय करावे हे अद्याप उमगलेले नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याचे कलम 11 अवश्य वाचावे. पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, आखूड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत टाकून देणे, हे सारे त्यात अपराध आहेत. इतकेच नव्हे, तर नित्य बांधलेल्या कुत्र्याला वाजवी फिरविले नाही तर तोही अपराध आहे! पहिल्या खेपेचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. त्या काळी ती रक्कम जड असेल. आज तेवढ्यात धड साखळीही मिळणार नाही. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेली भारतीय न्याय संहिता प्राण्यास ठार मारणे, विष घालणे वा पंगू करणे यांस पाच वर्षांपर्यंत कारावास सांगते. परंतु ते कलम 325 मालमत्तेविरुद्धच्या अपराधांच्या प्रकरणात, 'आगळीक' या सदरात बसविलेले आहे. म्हणजे जीव गेला कुत्र्याचा, आणि नुकसान मोजावयाचे धन्याचे. ज्या पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता विवाहादी बाबतींत आपल्याकडे अजून चालते, त्या देशाने 2017 साली आपला कायदा बदलून प्राणी ही वस्तू नव्हे, तो संवेदना असलेला जीव होय, असे लिहून ठेवले.

मालकीची ही भाषा नकोशी झाल्यामुळेच की काय, शहरांत कुत्र्याचे आईबाप म्हणवून घेण्याची रीत पडली आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. पण ती मला पटत नाही. मूल मोठे होते आणि पालकाच्या हातून सुटते. कुत्रा कधी सज्ञान होत नाही. दहा-बारा वर्षांत तो आपल्यादेखत म्हातारा होतो, आणि शेवटपर्यंत अज्ञानच राहतो. त्याच्या बाबतीत आपण फार तर विश्वस्त. ज्याच्यासाठी अधिकार हाती आला त्याच्याच हिताकरिता तो वापरावयाचा, आणि हिशेब मागणारा कोणी नसतानाही ठेवावयाचा.

हा हिशेब मोठ्या त्यागाचा नसतो. तो कंटाळवाणा असतो. भर आषाढात छत्री धरून त्याला बाहेर न्यावे लागते. कानांतील गोचीड रोज पाहाव्या लागतात. नरकासुराच्या रात्री फटाक्यांनी तो पलंगाखाली थरथरत बसतो, तेव्हा कोणीतरी घरी राहावे लागते. प्रसादाचा शिरा प्रेमाने त्याच्यापुढे टाकणाऱ्यांना हे ठाऊक असावे की, बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लस तर शेजाऱ्यांचेही देणे आहे. 2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित प्रदेश म्हणून जाहीर झाला तो वर्षानुवर्षे घरोघर आणि रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचल्यामुळे. माझा कुत्रा अंगणातच असतो, त्याला कशाला लस, असे म्हणणारा गृहस्थ त्या श्रमांवर फुकट जगतो.

सोवळ्याचा आक्षेप आमच्या घरांतून हटकून निघतो. स्वयंपाकघर आणि देवघर यांचा उंबरा कुत्र्याने ओलांडू नये, हा नियम ज्याला पाळावयाचा त्याने खुशाल पाळावा. कुत्रा तो चार दिवसांत शिकतो. पण उंबऱ्याचा नियम हा टाकून देण्याचा परवाना नव्हे. दत्तात्रेयाच्या पायांशी चार श्वान असतात, हे साखळीच्या दत्तमंदिरास जाणाऱ्या डिचोलीकरांस मी सांगावे असे नाही. महाप्रस्थानिक पर्वात तर हाच आक्षेप खुद्द इंद्र घेतो: कुत्रा बाळगणाऱ्यांस स्वर्गात थारा नाही. तो कुत्रा अखेर धर्म निघाला, हा कथेचा भाग सर्वांच्या लक्षात राहतो. मला त्याआधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. युधिष्ठिराने तो कुत्रा पाळला नव्हता, बांधला नव्हता, बोलाविलाही नव्हता. तो हस्तिनापुरापासून मागे आला, एवढेच. एवढ्यावरून युधिष्ठिर त्याला 'भक्त' म्हणतो आणि भक्ताचा त्याग नाकारतो. येथे तर आपण दूध दाखवून बोलाविलेले असते.

म्हणून पेडण्यास येणाऱ्या मंडळींनी मुलांच्या हाती दुधाची वाटी देण्यापूर्वीच दोन गोष्टी ठरवाव्यात. घराला कुलूप पडल्यावर रोजची पेज कोणाच्या हातून जाणार, आणि तिचे तांदूळ व लसीचे पैसे त्या घरी कोण पोचविणार. शेजारी नको म्हणाले, तर पिल्लू मुंबईच्या घरी नेता येईल काय, हे त्याच संध्याकाळी बोलावे. विसर्जनाच्या दिवशी, सामान गाडीत चढत असताना नव्हे.