शाप पुढे सरकवताना

भुताला आपण का भितो? जपानी भयपटांच्या इतिहासात या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे सापडतात.

१८२५ सालच्या एका काबुकी नाटकावरून नोबुओ नाकागावा यांनी १९५९ साली 'तोकाइदो योत्सुया काइदान' हा चित्रपट काढला. त्यातला इएमोन स्वार्थापायी पत्नी ओइवाला विष देतो आणि तिचे भूत त्याचा सर्वनाश करते. येथे भीती ही पापाची सावली आहे. निर्मळ मनाचा प्रेक्षक निर्धास्तपणे घरी परततो.

हिदेओ नाकाता यांच्या 'रिंगू'ने १९९८ साली हा दिलासा हिरावून घेतला. त्यातली शापित व्हिडिओ कॅसेट पाहणारा सातव्या दिवशी मरतो, मग तो निरपराध का असेना. कॅसेटची प्रत काढून दुसऱ्याला दाखवली, तरच सुटका. अखेरीस एक आई लेकराला वाचवण्यासाठी स्वतःच्या पित्याकडे निघते.

तिला दोष देताना आमची जीभ अडखळते. कचेरीतला अपमान आपण घरी आणतो, घरचा संताप मुलांवर काढतो. तोही शाप पुढे सरकवणेच नव्हे काय? प्रेमापोटी केलेला अन्याय अन्यायच राहतो. कोणीतरी सोसून तो स्वतःपाशी थांबवतो, तेव्हाच ही साखळी तुटते. ते थांबवण्याचे बळ आपल्यापाशी आहे का?